प्लंबर आणि कवी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

व्यवस्थापनशास्त्र हा माझा विषय नाही. मी बी.ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. तरीही आज ज्या वर्गाबद्दल बोलणार आहे, तो एम.बी.ए.चा वर्ग आहे. त्या वर्गात नफ्यातोट्याची कोष्टके नाहीत, शेअर बाजाराचे आलेख नाहीत. बाकांवर आहेत कादंबऱ्या आणि नाटके.

अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये ‘द मॉरल लीडर’ या नावाचा अभ्यासक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला. तो सुरू करणारे रॉबर्ट कोल्स हे पेशाने मानसोपचारतज्ज्ञ. पुढे उद्योगक्षेत्रात बरीच वर्षे काम करून आलेल्या सँड्रा सुचर यांनीही तो शिकवला आणि त्यावर पुस्तके लिहिली. उद्या बँका आणि कारखाने चालवणारी ही मुले तिथे काय वाचत होती? सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’. चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’. मॅकियाव्हेलीचे ‘द प्रिन्स’. आणि काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’.

आता कुणी विचारील, हा रिकामटेकडा उद्योग कशासाठी? नीती हवी तर नियम करा, आचारसंहिता छापा, प्रत्येकाच्या हातात द्या. पण नियमांची वाण कुठेच नव्हती. एन्रॉन हे नाव आपण महाराष्ट्रातली माणसे विसरणार नाही. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीजप्रकल्प आणि त्यावरून पेटलेले राजकारण आपण पाहिले आहे. या कंपनीने २००० साली ६४ पानांची आचारसंहिता छापून कर्मचाऱ्यांना वाटली होती. डिसेंबर २००१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचे एक सर्वोच्च अधिकारी जेफ्री स्किलिंग हे हार्वर्डचेच एम.बी.ए. फसवणुकीच्या आरोपाखाली २००६ साली ते दोषी ठरले. आपल्याकडच्या सत्यम कंपनीला २००८ साली उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचे पत्र लिहून स्वतःच कबूल केले. म्हणजे संहिता होती, पुरस्कार होते, पदव्याही होत्या. कमी पडले ते दुसरेच काहीतरी.

ते काय, हे इशिगुरोंच्या कादंबरीतून नीट कळते. स्टीव्हन्स हा एका इंग्रज उमरावाच्या वाड्यावरचा मुख्य कारभारी. कामात अत्यंत चोख. काळ १९३०च्या दशकातला. एके दिवशी मालक हुकूम देतात, घरातल्या दोन मोलकरणी ज्यू आहेत, त्यांना कामावरून काढा. स्टीव्हन्सला ते पटलेले नाही. तरी तो शांतपणे दोघींना काढून टाकतो. त्याची सहकारी मिस केंटन संतापते. असे झाले तर मी नोकरी सोडीन म्हणते, पण सोडत नाही. कारण तिला जायला दुसरी जागा नाही. पुढे मालकांनाच पश्चात्ताप होतो. तेव्हा कुठे स्टीव्हन्स तिला सांगतो, मलाही तेव्हा वाईट वाटले होते. ती विचारते, मग तेव्हाच का नाही बोललात?

सुचर यांची शिकवण्याची रीत तीन पायऱ्यांची. आधी नुसते वर्णन करायचे. कोणी काय केले, कुठल्या परिस्थितीत, कोणाच्या दबावाखाली. मग विश्लेषण. आणि सर्वांत शेवटी निवाडा. आपण रोज नेमके उलटे करतो. बातमीचा मथळा वाचला की निवाडा आधी देऊन मोकळे होतो आणि तपशिलाची चौकशी उरलीच तर नंतर करतो. कादंबरी ही घाई करू देत नाही. स्टीव्हन्सला भित्रा म्हणावे तर त्याची निष्ठा डोळ्यांपुढे येते. मिस केंटनला शूर म्हणावे तर ती राहिलीच. वर्गातली पंचवीस-सत्तावीस वर्षांची मुले यावर भांडतात आणि भांडता भांडता त्यांना कळते, की त्यांच्यापैकी बरेच जण स्टीव्हन्सच्या जागी तेच करतील. हे कळणे हाच त्या तासाचा अभ्यास. आचारसंहिता आपल्याला दुसऱ्याची चूक दाखवते, गोष्ट मात्र आपल्याला त्या माणसाच्या जागी नेऊन उभे करते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातही असाच एक वर्ग भरत असे. संघटनाशास्त्राचे मोठे अभ्यासक जेम्स मार्च १९८० ते १९९४ या काळात तिथे नेतृत्वाचा विषय शिकवत. त्यांची पाठ्यपुस्तके चार होती : शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’, बर्नार्ड शॉचे ‘सेंट जोन’, टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ आणि सर्व्हांटिसची ‘डॉन किहोते’. पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला उगारणाऱ्या वेड्या सरदाराकडून मॅनेजरने काय शिकायचे? मार्च यांचे उत्तर असे, की फायदा होईल म्हणून केलेली गोष्ट फायदा थांबला की थांबते. ‘मी कोण आहे’ या जाणिवेतून केलेली गोष्ट टिकते. हेच मार्च म्हणत, नेतृत्वात प्लंबिंग लागते आणि कविताही लागते. नळ गळत असेल तर तो दुरुस्त करता आला पाहिजे आणि हे पाणी कोणासाठी, हे सांगायला शब्दही पाहिजेत. मार्च स्वतः कविता लिहीत, त्यांचे संग्रहही निघाले. माझ्यासारख्याला या वाक्याने आनंद व्हावा हे साहजिक आहे. पण आम्हा कवींनी हेही लक्षात ठेवायला हवे, की त्यांनी प्लंबरचे नाव आधी घेतले होते.

गोष्टींतून राज्यकर्ता घडवायचा ही कल्पना अमेरिकेत जन्मली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या पंचतंत्राची सुरुवातच तशी आहे. राजाची तीन मुले मठ्ठ आणि विष्णुशर्मा त्यांना सहा महिन्यांत गोष्टींतून शहाणे करण्याचा विडा उचलतो. अर्थात, तिथे नीतीपेक्षा व्यवहारचातुर्य जास्त आहे. फारसीत ‘अखलाक’ नावाची ग्रंथपरंपराच आहे. अखलाक म्हणजे नीती, सदाचार. नसिरुद्दीन तुसी यांनी १२३५च्या सुमारास लिहिलेल्या ‘अखलाक-ए-नासिरी’चे तीन भाग आहेत : आधी माणसाने स्वतःला कसे सांभाळावे, मग घर कसे सांभाळावे आणि शेवटी राज्य. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. हा ग्रंथ आणि सादीचे ‘गुलिस्ताँ’ अकबराला वाचून दाखवले जात, अशी नोंद अबुल फजलने केली आहे. दिवसभर हुकूम सोडणारा बादशहा गुपचूप बसून ऐकतो आहे, हे चित्र मनाशी आणून पाहा. त्या शिक्षणातला पहिला धडा ऐकण्याचा होता.

मात्र एक आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. वाङ्मय वाचल्याने माणूस चांगला होतो का? साहित्यसमीक्षक जॉर्ज स्टायनर यांनी हा प्रश्न फार टोकदारपणे विचारला होता. संध्याकाळी गटे आणि रिल्के वाचणारी, बाख आणि शूबर्ट वाजवणारी माणसे सकाळी छळछावणीच्या कामावर जात होती. दूर कशाला, सुंदर शेर ऐकवून लाच मागणारे साहेब आपल्यालाही भेटतात. तेव्हा पुस्तक म्हणजे ताईत नव्हे. एकट्याने, आपल्याच चवीने केलेले वाचन माणसाला अधिक गुलछबू करील, न्यायी करीलच असे नाही. म्हणूनच या अभ्यासक्रमांत पुस्तकापेक्षा वर्ग मोठा आहे. तिथे आपले मत सर्वांसमोर मांडावे लागते, त्याचे कारण द्यावे लागते आणि समोरच्याने ते खोडले तर ते पुन्हा तपासावे लागते. त्याने नीतिमत्तेची हमी मिळत नाही. पण ‘माझ्या लक्षातच आले नाही’ ही सबब तरी उरत नाही.

आपल्याकडे २०१३ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आहे. हेतू चांगला आहे. परंतु लगेच गाइडे निघाली, शिकवण्या सुरू झाल्या. सचोटीची व्याख्या पाठ, करुणेची व्याख्या पाठ, थोरांची वचने पाठ. परीक्षकाला काय आवडेल ते लिहायचे, हेच जर आपण नीतीच्या पेपरात शिकलो, तर पुढे साहेबाला काय आवडेल ते लिहायला वेगळे शिकावे लागत नाही.

त्याऐवजी पदव्युत्तर वर्गात ‘घाशीराम कोतवाल’ ठेवून पाहावे. तेंडुलकरांचे हे नाटक १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले. दोषी कोण? मुलीचा सौदा करून कोतवाली मिळवणारा घाशीराम? त्याला वापरून फेकून देणारा नाना? की ओळीत उभे राहून नाचणारी, गाणारी आणि हवी तेव्हा भिंत होणारी माणसे? प्रत्येक संस्थेत अशी एक माणसांची भिंत असते. ती उघडावी केव्हा आणि मिटावी केव्हा, हे तिला नेमके ठाऊक असते. आणि त्यासमोर ठेवावे रामशास्त्री प्रभुण्यांचे चरित्र. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर बसलेल्या राघोबादादांना शास्त्रीबुवांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडून ते निघून गेले, ही कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. पण वर्गात विचारावे, न्यायाधीश निघून गेल्यावर न्यायाचे काय झाले? राहून लढावे की सोडून जावे? या प्रश्नाला एकच उत्तर नाही आणि म्हणूनच तो शिकवण्याजोगा आहे.

हे सारे मोठ्या लोकांसाठी, आपल्याला काय त्याचे, असे वाटेल. तर एक गोष्ट सांगतो. आमच्या तालुक्यातली एक पतसंस्था काही वर्षांपूर्वी बुडाली. आमच्या गल्लीतल्या एका शिंपीचाचांची पुंजी त्यात होती, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली. संचालकांच्या नातेवाइकांना तारणाशिवाय कर्जे दिली गेली होती. ती कागदपत्रे तयार करणारा कारकून चाचांचा शेजारी. चाचांनी त्याला एवढेच विचारले, “बेटा, तुला ठाऊक होतं?” तो म्हणाला, “चाचा, मी फक्त सांगितलेलं काम केलं.” तो वाईट माणूस नव्हता. इशिगुरोंची कादंबरी मी पुढे वाचली, तेव्हा मला स्टीव्हन्सचा चेहरा नव्याने कल्पावा लागला नाही.

नेता म्हणजे केवळ व्यासपीठावरचा माणूस नव्हे. ज्याच्या सहीने दुसऱ्याचे काही होते वा अडते, तो त्या क्षणापुरता नेता असतो. शाखाधिकारी, मुख्याध्यापिका, वॉर्डातली मुख्य परिचारिका, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. यांतले बहुतेक जण हार्वर्डला जाणार नाहीत आणि जाण्याची गरजही नाही. पण आपल्या विद्यापीठांत मराठीचा विभाग एका इमारतीत आणि व्यवस्थापनाचा दुसऱ्या इमारतीत असतो. मधले अंगण फार मोठे नसते. आठवड्यातून एक तास ते ओलांडायला कोणत्याही सरकारी अनुदानाची गरज नाही. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या मुलांनी एक नाटक वाचून यावे, मराठीच्या मुलांनी एक ताळेबंद वाचून यावा आणि दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत. कवितेला प्लंबिंग थोडे समजेल आणि प्लंबिंगला कविता. शिंपीचाचांसारख्या ठेवीदारांना या दोन्हींची गरज आहे.