लाळ्या-खुरकूत : एका गोठ्याचा नव्हे, साऱ्या गावाचा रोग

जनावरांचे काही रोग असे आहेत की त्यांचे नुसते नाव काढले तरी शेतकऱ्याच्या छातीत धस्स होते. घटसर्प, फऱ्या, काळपुळी हे त्यांपैकी. सकाळी धडधाकट असलेले जनावर संध्याकाळी आडवे होते आणि सारा गाव जागा होतो. आज ज्या रोगाविषयी मी बोलणार आहे, त्याच्या नावाने मात्र कोणी फारसे दचकत नाही. ‘लाळ्या आला आहे, आठ-पंधरा दिवसांत उतरेल,’ असे म्हणून आपण पुढच्या कामाला लागतो. लाळ्या-खुरकूत, म्हणजेच तोंडखुरी-पायखुरी, तो हा रोग. मोठ्या जनावराचा तो सहसा जीव घेत नाही, म्हणून आपण त्याची गय करतो. आणि आपण गय करतो म्हणूनच तो वर्षानुवर्षे आपल्या दारात टिकून आहे. मी पशुवैद्य नव्हे, शिक्षक आहे. परंतु हा रोग आवरणे औषधाइतकेच लोकांच्या समजुतीवर अवलंबून असल्यामुळे शिक्षकाने त्याविषयी दोन शब्द बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. रोगाचा संसर्ग झाल्यापासून साधारणतः दोन ते चौदा दिवसांत जनावराला सडकून ताप येतो. ते वैरण टाकते, रवंथ थांबवते, दूध एकाएकी आटते. मग जिभेवर, हिरड्यांवर, ओठांच्या आत पाण्याने भरलेले फोड येतात. ते फुटले की तेथील कातडी सोलवटून लाल जखमा उघड्या पडतात, आणि तोंडातून दोरीसारखी लाळ लोंबू लागते. तसेच फोड खुरांच्या बेचक्यात येतात, कधी कासेवर व सडांवरही येतात. जनावर लंगडते, एकेक पाय झटकते, उभे राहणेही त्याला नकोसे होते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, थोडक्यात म्हणजे दुभंगलेल्या खुराच्या सर्व प्राण्यांना हा रोग होतो. घोड्याला मात्र तो होत नाही. माणसालाही त्याचे भय नाही. लहान मुलांच्या हातापायांवर व तोंडात फोड येणारा जो आजार आहे, तो अगदी निराळ्या विषाणूचा आहे.

मोठी जनावरे बहुधा यातून उठतात. पण उठलेले जनावर पूर्वीचे राहतेच असे नाही. कासेला सूज येऊन एखादा सड कायमचा निकामी होतो. गाय वेळेवर माजावर येत नाही, गाभण असलेली कधी गाभ टाकते. बैल थोड्याशा उन्हात धापा टाकू लागतो आणि ऐन पेरणीत जू मानेवर घेईनासा होतो. वासरांच्या बाबतीत तर रोग सौम्य म्हणताच येत नाही. त्यांच्या हृदयाच्या स्नायूंवरच विषाणूचा घाला पडतो, आणि तोंडात एकही फोड दिसण्यापूर्वी वासरू अकस्मात मरून पडते. ज्या घरी दोन गाई आणि एक म्हैस आहे, ज्या घरचा किराणा आणि मुलांची फी दुधाच्या पैशांवर चालते, त्या घराला हे नुकसान जनावर दगावण्याहून फारसे कमी नसते. फरक इतकाच की, दगावलेले जनावर सर्वांना दिसते आणि आटलेले दूध फक्त घरच्या बाईला दिसते.

हा रोग आजचा नव्हे. इटलीतील फ्राकास्टोरो या वैद्याने १५४६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात व्हेरोना नगराच्या परिसरात १५१४ साली गुरांमध्ये आलेल्या अशाच एका साथीचे वर्णन केलेले आहे. त्याचे कारण कळण्यास पुढे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला. जर्मनीतील लोफ्लर आणि फ्रॉश या दोघा शास्त्रज्ञांनी १८९८ साली दाखवून दिले की, फोडातील पाणी जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले तरी त्याची रोग देण्याची शक्ती नाहीशी होत नाही. अर्थात रोगाचे बीज जीवाणूंहूनही सूक्ष्म असले पाहिजे. प्राण्यांना रोग देणारा विषाणू म्हणून सर्वांत आधी ओळखला गेला तो हाच.

हा विषाणू पसरतो तरी कसा? लाळेतून, दुधातून, शेणमुतातून, श्वासातून. कधी कधी तर फोड दिसू लागण्याच्या आधीच. एकाच हौदावर पाणी पिणाऱ्या गुरांतून, एकाच गव्हाणीतून, गवळ्याच्या हातांतून, गुराख्याच्या वहाणांतून, वैरणीच्या गाडीच्या चाकांतून तो गावभर हिंडतो. अनुकूल हवेत तो वाऱ्याबरोबरही जातो. १९८१ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून तो समुद्रावरून वाहत जाऊन इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर पोहोचल्याचे तज्ज्ञांनी सिद्ध केले आहे.

आता कोणी विचारील की, बुळकांडीसारखा भयंकर रोग आपण नाहीसा केला, मग हा का होत नाही? प्रश्न रास्त आहे. बुळकांडीचा अभ्यास करण्यासाठीच या देशात पशुरोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यात निघाली व पुढे १८९३ साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. भारत २००६ साली बुळकांडीतून मुक्त ठरला, आणि २०११ साली तो रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. परंतु बुळकांडीच्या विषाणूवर एकच लस सर्वत्र पुरेशी पडे आणि एकदा टोचलेले जनावर जन्मभर निर्धास्त राही. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूचे सात प्रकार आहेत. एका प्रकाराची लस दुसऱ्याला अडवत नाही. आपल्याकडे ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया १’ हे तीन प्रकार आढळतात, म्हणून आपल्या लशीत या तिघांचा समावेश असतो. या लशीची शक्तीही सुमारे सहा महिनेच टिकते. शिवाय बरे झालेले जनावर घशात विषाणू बाळगून काही महिने, क्वचित दोन-तीन वर्षेही राहू शकते. या साऱ्या अडचणी खऱ्याच. त्यांत एक अडचण मात्र आपण होऊन घातलेली आहे. बुळकांडीने गोठेच्या गोठे ओस पाडले, म्हणून लोक तिच्याविरुद्ध एकदिलाने उभे राहिले. लाळ्याने तसे भय कधी घातले नाही.

भय नाही असे म्हणणाऱ्यांनी २००१ सालचे इंग्लंड आठवावे. उत्तरेकडील एका डुक्करपालकाने न उकळलेले उष्टे अन्न डुकरांना घातले, तेथून ही साथ सुटली असे चौकशीत मानले गेले. ती आवरेपर्यंत साठ लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली आणि देशाची सार्वत्रिक निवडणूकही महिनाभर पुढे ढकलावी लागली. आणि श्रोतेहो, या साथीतील विषाणूचे घराणे सर्वप्रथम १९९० साली भारतात आढळलेले होते! जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत, ज्या देशात १९८८ नंतर हा रोग दिसला नव्हता, बर्लिनजवळच्या एका म्हशींच्या कळपात तो पुन्हा निघाला. जेथे रोग नाही तेथेही पहारा ठेवावा लागतो. मग जेथे तो नित्याचाच आहे, त्या आपल्या मुलखात किती ठेवावा लागेल?

आपल्या सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेहून या रोगाविरुद्ध देशव्यापी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद झाली आणि २०३० पर्यंत रोगाचे उच्चाटन करण्याचे ध्येय ठरले. टोचणी फुकट आहे. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला घालून त्याची नोंद ठेवली जाते. वासराला चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिली मात्रा, एक महिन्याने दुसरी, आणि मग दर सहा महिन्यांनी एकेक, असा तिचा क्रम आहे.

तरीही टोचणाऱ्यांची गाडी गावात येताच काही जण गुरे रानात हाकून देतात. का? तर टोचल्यावर दूध कमी होते. दोन-चार दिवस ते थोडे कमी होऊ शकते, टोचल्या जागी गाठही येते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु चार दिवसांचे शेर-दोन शेर दूध एका पारड्यात आणि अख्ख्या वेताचे दूध दुसऱ्या पारड्यात घालून पाहावे. दिवस भरत आलेल्या गाभण गाईविषयी मात्र पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, आणि आजारी जनावर टोचून घेऊ नये. वाडीतील शंभरांपैकी वीस गुरे चुकली तर रोगाला वाट मोकळी राहते. म्हणून सर्वांनी एकाच वेळी टोचून घेण्यात खरा लाभ आहे.

आपल्या सीमाभागाला तर दुप्पट जागरूकता हवी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे बैल शेकडो मैल चालून साखर कारखान्यांच्या आसपास येतात. माघात चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून बैलगाड्या लोटतात. रोगाला राज्याची सीमा नाही, भाषेचा वाद नाही. अशा प्रवासाला निघण्यापूर्वी निदान तीन आठवडे बैल टोचून घ्यावेत, म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती येण्यास अवधी मिळतो. बाजारातून आणलेले नवे जनावर दोन-तीन आठवडे निराळे बांधावे.

रोग आलाच तर काय करावे? विषाणू मारणारे औषध नाही. जखमा चिघळू न देणे एवढेच आपल्या हाती आहे. पशुवैद्याला त्याच दिवशी कळवावे. तोंड पोटॅशच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवावे, खूर स्वच्छ व कोरडे ठेवून माश्या बसू देऊ नयेत, खाण्यास कोवळा चारा आणि पातळ कांजी द्यावी. धारा आधी निरोगी गाईंच्या काढाव्यात, आजारी गाईची शेवटी. दूध उकळूनच वापरावे, आणि वासराला आजारी आईला पिऊ देऊ नये. दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याने गोठ्याची जमीन, गव्हाण, बादल्या आणि आपल्या वहाणा धुवाव्यात. हा साधा सोडा या विषाणूला सोसत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. लाळ गळू लागलेले जनावर घाईघाईने बाजारात नेऊन विकू नये. असे करणारा मनुष्य दुष्ट असतो असे मी म्हणत नाही. पुष्कळदा तो कर्जाने गांजलेला असतो, आणि हातचे जनावर निरुपयोगी होण्याआधी चार पैसे सोडवू पाहतो. परंतु त्याचे चार पैसे सुटतात आणि दहा गावांचे दूध जाते. येथे शेजाऱ्यांनीही आपले कर्तव्य ओळखावे. ज्याच्या गोठ्यात रोग निघाला, त्याची निंदा झाली तर पुढच्या वेळी तो रोग लपवील. त्याला घरपोच वैरण-पाणी दिले, त्याची गुरे पाणवठ्यावर न नेता भागतील अशी सोय केली, तर तो आपण होऊन सांगेल.

ख्रिस्ताच्या दृष्टान्तातील मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून हरवलेल्या एकाच्या शोधात निघाला. या रोगाच्या वेळी त्या एकाला कळपापासून दूर बांधावे लागते. परंतु दूर बांधणे म्हणजे टाकून देणे नव्हे. त्याची शुश्रूषाही करावयाची आणि नव्याण्णवांचे रक्षणही करावयाचे, अशी ही दुहेरी राखण आहे. ती एकट्या धन्याला झेपणारी नाही. पुढच्या वेळी टोचणाऱ्यांची गाडी गावात येईल तेव्हा आपली गुरे दावणीला असू द्या, आणि शेजाऱ्यालाही हाक मारा, एवढीच माझी विनंती आहे.