व्यत्ययांची नोंदवही
(हीरकमहोत्सवी समारंभात माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



या शाळेत तास चालू असताना शिपाईकाका सूचनावही घेऊन दारात उभे राहत. बाई पुस्तकातील ओळीवर बोट ठेवत, सूचना वाचून सही करीत आणि त्याच ओळीपासून धडा पुढे नेत. संगणकाच्या क्षेत्रात गेल्यावर हाच प्रसंग मला ‘इंटरप्ट’ या नावाने पुन्हा भेटला.

कळ दाबली, की कीबोर्ड प्रोसेसरला हाक मारतो. माहिती येऊन पोहोचली, की नेटवर्क कार्ड हाक मारते. प्रोसेसर हातचे काम थांबवतो, त्या उपकरणाचा ड्रायव्हर आपले काम उरकतो आणि मूळ काम पुढे सुरू होते. लिनक्स ही कार्यप्रणाली या हाका मोजते. ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाईल म्हणजे तिची नोंदवही. प्रत्येक इंटरप्टला एक ओळ, प्रत्येक प्रोसेसरला एक स्तंभ. आकडे यंत्र सुरू झाल्यापासूनचे असतात. म्हणून १० सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी, तेव्हा हाकांचा वेग कळतो.

कधी एकाच इंटरप्टवर दोन उपकरणे असतात. तेव्हा प्रत्येक ड्रायव्हरने आपले उपकरण तपासून ‘हाक माझी’ किंवा ‘माझी नाही’ असे सांगायचे असते. १,००,००० हाकांपैकी ९९,९०० हून अधिक हाका बेवारस ठरल्या, तर लिनक्स तो इंटरप्ट बंद करते आणि तशी नोंद करते.

नोकरीच्या आरंभी मी लिहिलेला ड्रायव्हर न तपासताच दर वेळी ‘माझी’ म्हणत असे. एके दिवशी यंत्र कमालीचे मंदावले. नोंदवहीतील एक आकडा भराभर वाढत होता. माझ्या उपकरणाला मात्र काहीच काम नव्हते. शेजारचे दुसरेच उपकरण अखंड हाका मारीत होते आणि त्याचा ड्रायव्हर यंत्रात नव्हताच. कार्यप्रणालीने ते केव्हाच ओळखले असते. पण माझ्या खोट्या होकारामुळे एकही हाक बेवारस ठरत नव्हती. दोन दिवस मी दोष इतरत्र शोधला. अखेर दुरुस्ती निघाली दोन ओळींची: आधी तपासा, आपले नसेल तर ‘माझी नाही’ म्हणा.

मित्रहो, मोजणारा कितीही दक्ष असला, तरी सांगणारा खोटे बोलला, की मोजणी निरर्थक होते. हजेरी घेताना गैरहजर मित्राच्या नावाला ‘हजर’ म्हणणाऱ्याला आमच्या बाई वर्गाबाहेर उभे करीत. ती शिक्षा मीही भोगली आहे. तिचा अर्थ मात्र मला त्या दोन ओळी लिहिताना उमगला. बाईंचे ते ऋण आज या व्यासपीठावरून कृतज्ञतेने मान्य करतो.