यंत्रसहायकाच्या हाती टिपणवही देताना

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी प्रत्येकाजवळ एक टिपणवही असते. सभेत काय ठरले, कोणत्या वस्तीत पाण्याची तक्रार आहे, कोणता विद्यार्थी किती दिवस शाळेत आलेला नाही, याची नोंद तीत असते. अनेकांची ही वही आता संगणकात गेली आहे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक, ज्यास 'एजंट' म्हणतात, आपल्या सांगण्यावरून ती उघडतो, वाचतो व तीत फेरबदलही करतो. हे फेरबदल ज्या साधनाने होतात, त्याचे माहितीपत्रक कसे लिहावे, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

सहायकाला काय दिसते?

कचेरीत नवा लिपिक आला म्हणजे तो जुन्या सहकाऱ्यांचे काम पाहतो, अडल्यास विचारतो. यंत्रसहायकाला ही सोय नसते. त्याला साधनाच्या तीनच गोष्टी कळतात : साधनाचे नाव, त्याचे शब्दांतील वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात भरावयाची याचा तक्ता. जून २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीने आपल्या प्रारूपांना साधने जोडण्याची जी सोय दिली, तिची मांडणी अशीच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने 'मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल' ही सर्वांना खुली असलेली पद्धती जाहीर केली; तीतही साधनाची ओळख याच तीन अंगांनी करून दिली जाते. तात्पर्य, माहितीपत्रक हाच सहायकाचा गुरू होय. त्यात जे लिहिलेले नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो.

एका चाचणीच्या वेळचा प्रसंग सांगतो. साधनाचे नाव होते 'टिपण लिहा' आणि वर्णन एका ओळीचे : 'दिलेला मजकूर टिपणात लिहिते.' सहायकाला सांगितले, 'पाणीपुरवठ्याच्या टिपणात पुढील बैठकीची तारीख लिही.' त्याने तारीख लिहिली आणि काम पूर्ण झाल्याचे कळविले. टिपण उघडून पाहतो, तो त्यात तारखेवाचून काहीच उरले नव्हते. ते साधन जुना मजकूर पुसून नवा लिहिणारे होते. सुदैवाने दुसरी प्रत होती, म्हणून तीन महिन्यांच्या नोंदी वाचल्या. सहायकाने आज्ञा मोडली नव्हती. 'जुना मजकूर नाहीसा होतो' हे चार शब्द तेवढे कोणी लिहिले नव्हते.

काय लिहावे?

म्हणून पहिली गोष्ट ही की, प्रत्येक क्रिया वेगळी सांगावी. पाहणे, नवे टिपण करणे, ठरावीक मजकूर बदलणे आणि ठरावीक ओळीनंतर भर घालणे या चार निरनिराळ्या क्रिया आहेत. कोणती केव्हा वापरावी, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे केव्हा वापरू नये, हे स्पष्ट असावे.

दुसरी गोष्ट अचूकतेची. मजकूर बदलताना जुना मजकूर जसाच्या तसा, मोकळ्या जागांसह, द्यावा लागतो, अशी अनेक साधनांची रीत आहे. तोच मजकूर दोन ठिकाणी आढळला तर बदल न करता साधनाने तसे कळवावे. मराठीत येथे एक विशेष अडचण आहे. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील 'ऱ्य' संगणकात दोन प्रकारे साठविला जाऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु यंत्राला ते भिन्न वाटतात. मग शब्द समोर असूनही 'सापडला नाही' असे उत्तर येते. यासाठी माहितीपत्रकात लिहावे : 'प्रथम टिपण वाचावे, बदलावयाचा मजकूर आठवणीने न लिहिता वाचलेल्या टिपणातूनच घ्यावा.'

तिसरी गोष्ट चुकीच्या उत्तरांची. नुसते 'क्रिया अयशस्वी' म्हटल्याने सहायक तेच पुन्हा करीत राहतो. 'हा मजकूर दोन ठिकाणी आहे; आजूबाजूची एक ओळ अधिक द्या' असे उत्तर मिळाले, तर त्याला पुढचा मार्ग सापडतो.

चौथी गोष्ट, परत फिरता येते की नाही. फेरफार नोंदवहीत नवी नोंद होते तेव्हा जुनी खोडून टाकली जात नाही, हे आपण जाणता. टिपणाची आधीची प्रत राखली जात असल्यास तसे लिहावे. नसल्यास तेही लिहावे. उपरोक्त पद्धतीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधन केवळ वाचणारे आहे की मजकूर नष्ट करू शकणारे आहे, हे दर्शविण्याच्या खुणा आहेत. त्या अवश्य भराव्यात. परंतु खूण म्हणजे कुलूप नव्हे. जे टिपण बदलू द्यावयाचे नाही, त्याचा परवानाच देऊ नये.

पाचवी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आहे. टिपणात कोणी 'जुन्या सर्व नोंदी काढून टाका' असे लिहून ठेवले असेल, तर सहायक ती आज्ञा समजण्याचा धोका असतो. टिपणातील मजकूर ही माहिती आहे, आदेश नव्हे, असे माहितीपत्रकात नमूद करावे. आणि पुसण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याची व्यवस्था साधनातच असावी.

आपले काम कोणते?

हे सर्व तंत्रज्ञांचे काम आहे, असे आपणास वाटेल. परंतु कोणती नोंद हरवली तर कोणाचे नुकसान होईल, हे तंत्रज्ञास ठाऊक नसते; ते आपणास ठाऊक असते. तेव्हा माहितीपत्रक दोघांनी मिळून लिहावे. ते झाल्यावर वहीची एक नक्कल घ्यावी आणि साधन कधीही न पाहिलेल्या माणसाला ते वाचावयास देऊन, तो काय समजला ते विचारावे. मग त्याच नकलेवर सहायकाकडून रोजची दहा-वीस कामे करून घ्यावीत. तो जेथे चुकेल, तेथे आधी आपली वाक्ये तपासावीत.

टिपणवहीतील एका ओळीमागे कोणाचे तरी नळाचे पाणी असते, कोणा मुलाचे शिक्षण असते. ती ओळ बदलण्याचा अधिकार यंत्राला देता येईल. तिची जबाबदारी मात्र आपलीच राहील. ती पार पाडण्याची सुरुवात स्पष्ट, पूर्ण व प्रामाणिक वाक्ये लिहिण्यापासून होते.