आपली पांझरा कुठे जाते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला उभे केले तेव्हा मी नाहीच म्हणत होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि विषय घेतला तो समुद्राचा! धुळ्याच्या बाईने समुद्रावर बोलावे म्हणजे हसूच येणार. आपल्याकडे समुद्र दिसतो तो बाजाराच्या दिवशी, सुक्या बोंबलांच्या आणि सुकटीच्या ढिगात. पण त्याच समुद्राने माझ्या बहिणीच्या संसारावर घाला घातला, म्हणून बोलते.

माझी धाकटी बहीण श्रीवर्धनला दिली आहे. तिच्या घरची रोठा सुपारीची वाडी. 3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. वारा तासाला 110 ते 120 किलोमीटरचा. टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे जाण्याची सोय नाही, आणि फोन बंद. पाचव्या दिवशी तिचा आवाज ऐकला. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आक्का, घरावरची कौले गेली त्याचे काही नाही, ती पुन्हा घालू. पण वाडीत उभे असे काही राहिले नाही ग." दीडशे झाडांतली अकरा उरली होती. आपल्याकडे वादळात केळीचा बाग आडवा होतो, तो घाव रावेर-यावलच्या बाया जाणतात. पण केळ वर्ष-सव्वा वर्षात पुन्हा हाती येते. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षे. तिच्या सासऱ्यांनी लावलेली झाडे होती ती. परवा-परवा कुठे नव्या रोपांना चार सुपाऱ्या लागल्या.

पुढे दोन वर्षांनी मी तिकडे गेले. समुद्र पाहून आधी जीव दडपला, मग भाच्याला प्रश्न विचारून भंडावून सोडले. तो कॉलेजात शिकतो. त्याने समजावले ते मला चुलीवरच्या हंड्यासारखे वाटले. कोळसा आणि तेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यातली शेकडा नव्वदाहून अधिक एकटा समुद्र पोटात घेतो. पाणी तापले की वाफ जास्त, आणि वादळ पोसते ते त्या वाफेवरच. पूर्वी चक्रीवादळे म्हटली की बंगालच्या उपसागराची. आता पुण्याच्या हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवून दिले की अरबी समुद्रातली वादळे मागल्या वीस वर्षांत सुमारे दीडपट झाली आहेत. त्याच साली मे महिन्यात 'तौक्ते' येऊन गेलेच. आपण इथे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत भाजून निघतो, तेव्हा तिकडे पाणीही तापते, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

बहिणीच्या शेजारच्या कोळीणबाई रोज दारावर येत. त्यांना मी सहज विचारले, बोंबील इतका महाग का झाला हो? त्या टोपली खाली ठेवून बसल्याच. 2019 साली महाराष्ट्रात अवघी दोन लाख टन मासळी मिळाली. पंचेचाळीस वर्षांत इतकी कमी कधी नव्हती. त्या पावसाळ्यानंतर लागोपाठ दोन वादळे आली आणि होड्या किनाऱ्याला लागून राहिल्या, हे एक कारण. पण बाईंचा राग वादळावर नव्हता. बारीक जाळ्यांनी पापलेटची पिले ओढून आणतात, त्यावर होता. म्हणजे पेरणीसाठी राखलेली ज्वारी दळून भाकरी करण्यासारखे! 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. मान मिळाला, आता त्याच्या पोराबाळांनाही जगू द्यावे.

खाडीकाठची कांदळवने मी तिथेच पाहिली. चिखलात उभी, मुळे वर आलेली, दिसायला काही देखणी नाहीत. पण लाटेचा जोर तीच मोडतात आणि माशांची पिले त्यांच्या मुळांत वाढतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बाया 2017 पासून होडीतून पाहुण्यांना ही झाडे दाखवतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात. आपल्यासारख्याच घर सांभाळणाऱ्या. मला त्यांचा फार हेवा वाटला.

आता खरे सांगायचे ते सांगते, म्हणजे मन मोकळे होईल. कोळीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, "जाळ्यात मासळी कमी आणि पिशव्या जास्त." मी म्हटले, तुमच्या मुंबईचा कचरा असेल. त्यावर भाचा हसला आणि म्हणाला, "मावशी, तुमची पांझरा कुठे जाते?"

पांझरा मुडावदला तापीला मिळते. तापी सारंगखेडा, प्रकाशा करीत उकाईच्या धरणात जाते आणि तिथून सुरतेवरून समुद्रात. आपल्यापैकी किती जणींची माणसे सुरतेला कामाला आहेत! 2006 च्या पुरात त्यांची घरे बुडाली, ते कुणी विसरलेले नाही. धरणे बांधली त्याने शेती पिकली, पण नदीचा गाळ धरणातच बसतो, किनाऱ्याला पूर्वीसारखा पोचत नाही. पिशवीला मात्र पुराच्या पाण्यात वाट सापडते.

आणि त्या पिशव्या टाकणारी मीच. कानबाईचे रोट झाले की सोमवारी निर्माल्य पिशवीत भरायचे, गाठ मारायची आणि पुलावरून सोडून द्यायचे. वीस वर्षे केले. 2018 साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हाही माझ्याकडे जुन्यांचा साठा होता, तो मी इमानाने संपवला!

गेल्या श्रावणात मी पिशवी घेतली नाही. फुले-पाने परसातल्या खड्ड्यात पुरली. तेव्हा थोरल्या जाऊबाई पुलावर चारचौघींत म्हणाल्या, "शहाणी झाली ही! कानबाईचे फूल पायदळी येईल." मला उत्तर सुचले नाही. त्यांची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. म्हणून यंदा मी तुळशीच्या आळ्याजवळ, पाय पडणार नाही अशी जागा काढली आहे. ज्यांच्या घरी परस नाही त्यांनी आपले निर्माल्य माझ्याकडे आणावे. विसर्जनाच्या सोमवारी मी पुलाच्या अलीकडे टोपली घेऊन उभी राहीन. मंडळातल्या तिघींनी बरोबर यायचे कबूल केले आहे. जाऊबाईंनी अजून हो म्हटलेले नाही, पण परवा त्यांनी जुन्या लुगड्याच्या दोन पिशव्या शिवून माझ्याकडे पाठवल्या.