तेवीस किलोंत न मावणारी शिदोरी

(ब्रिटनमधील एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी निघालेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



गेले काही आठवडे तुमच्या घरांमध्ये वजनकाटा हीच सर्वांत महत्त्वाची वस्तू झाली असेल. बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोंची मर्यादा घालतात. त्या तेवीस किलोंत आई भाजणी बसवू पाहते, वडील कागदपत्रांची जाड फाइल पुढे करतात आणि मुलाला बूट हवे असतात. ही ओढाताण प्रेमापोटीच होते. परंतु बॅगेत काय भरावे याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक विचार बॅगेत भरता न येणाऱ्या गोष्टींचा व्हावा, एवढेच आज मला सांगायचे आहे.

प्रथम बॅगेबद्दल. १८८८ साली अठरा वर्षांचे मोहनदास गांधी इंग्लंडच्या बंदरात उतरले, ते पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे घालून. सप्टेंबर सरत आला होता. असा वेश केलेले आपण एकटेच आहोत हे त्यांना तेथे उमगले. उरलेले सामान आणि किल्ल्या त्यांनी दलालाच्या माणसाकडे सोपवल्या होत्या. दुसरा दिवस रविवार, त्यामुळे सामानही मिळेना. स्वतः गांधीजींनीच आत्मचरित्रात हे लिहून ठेवले आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यातला धडा जुना झालेला नाही. एक गरम कपड्यांचा जोड, औषधे आणि महत्त्वाची सर्व कागदपत्रे हातातल्या पिशवीतच असावीत.

कागदपत्रे म्हणजे पासपोर्ट, प्रवेशपत्र, मूळ गुणपत्रिका, क्षयरोग तपासणीचा दाखला, कर्जमंजुरीचे पत्र आणि औषधांच्या मूळ नावांसह डॉक्टरांची चिठ्ठी. त्यांच्या प्रती घरीही ठेवाव्यात. ब्रिटनचा व्हिसा आता संगणकीय नोंदीच्या स्वरूपात असतो. त्या खात्याचा तपशील विद्यार्थ्याला स्वतःला ठाऊक हवा. भारतातील भ्रमणध्वनी क्रमांक बंद करू नका. बँकेचा संकेतांक त्याच क्रमांकावर येतो, आणि तो मिळाला नाही तर स्वतःचेच पैसे स्वतःला हाताळता येत नाहीत.

खाद्यपदार्थांबाबतही माहिती घेऊनच भरणी करावी. भारतातून जाणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. तेव्हा तूप, पेढे, खवा यांचा मोह आवरावा. डाळ, तांदूळ, कणीक वेम्बली, साउथहॉल, लेस्टर येथील आपल्या दुकानांत सहज मिळते. घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तेथील इंडक्शन शेगडीवर चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. मात्र वरण-भात, खिचडी, पोळी आणि दोन भाज्या करता येणे, ही कला कोणत्याही विमानतळावर कोणी काढून घेत नाही. ती मुलींइतकीच मुलांनीही शिकून जावी. वीस-बावीस वर्षांचा मुलगा आईला दूरध्वनी करून कुकरच्या शिट्ट्या विचारतो, याचे कौतुक आता पुरे.

आता बॅगेत न मावणाऱ्या गोष्टींकडे वळतो.

पहिली गोष्ट म्हणजे बदलावे कोठे आणि ठाम राहावे कोठे, याचा विवेक. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील जाहीर सभेत त्यांनी आपण का जात आहोत हे सांगितले आणि हिंदू म्हणूनच राहण्याचा निर्धार प्रकट केला. तेथील थंडीत नऊवारी पुरेना, तेव्हा त्यांनी साडी नेसण्याची पद्धत बदलली; साडी सोडली नाही. या एका कृतीत परदेशी राहण्याचे सारे शास्त्र आले आहे. हवामानाशी, वेळापत्रकाशी, तेथल्या शिष्टाचाराशी अवश्य जुळवून घ्या. पण जे तुम्हाला तुम्ही बनवते, ते लाजेपोटी टाकू नका.

आनंदीबाईंच्या चरित्राचा दुसरा धडा वेदनादायक आहे. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, क्षयाने गेल्या. शरीराची हेळसांड हा त्याग नव्हे. व्हिसाबरोबर तुम्ही आरोग्यसेवेचे शुल्क भरलेले असते. तेव्हा पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवा. डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि मनही अंधारू लागते. अशा वेळी खोलीत कोंडून न घेता दिवसाउजेडी बाहेर पडणे, व्यायाम करणे आणि माणसांत जाणे हाच उपाय.

घरच्या आठवणीने व्याकूळ होणे ही दुर्बलता नाही. १९०६ च्या जूनमध्ये स्वातंत्र्यवीर सावरकर मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा बोटीवरील हरनामसिंग नावाचा तरुण घरच्या ओढीने परत फिरण्याच्या विचारात होता. सावरकरांनी त्याला धीर दिला आणि तो पुढे गेला. तुमच्या वसतिगृहातही असा एखादा हरनामसिंग असेल, त्याचा दरवाजा ठोठवा. आणि एखाद्या दिवशी तुम्हीच हरनामसिंग झालात, तर दार उघडा. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्यरत आहे. हिंदू स्वयंसेवक संघाचे काम ब्रिटनमध्ये १९६६ पासून चालू आहे. तेथे अवश्य जा. मात्र वर्षभर केवळ मराठी बोलणाऱ्यांतच वावरायचे असेल, तर एवढ्या दूर जाण्याचे प्रयोजन काय, हेही स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे आपल्या देशाचे यथार्थ ज्ञान. तेथे तुम्हाला प्रश्न विचारले जातील. आपल्याकडे सारे काही होते असे सांगणारा आणि आपल्याकडे काहीच नव्हते असे सांगणारा, दोघेही अभ्यास न केलेले. कोणी जातिभेदाविषयी विचारील, तेव्हा विषय टाळू नका. तो कलंक होता, त्याचे अवशेष आजही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगा. आणि त्याच्याशी झुंजणाऱ्यांची आपली परंपराही सांगा. १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा नि:संदिग्ध निषेध केला होता, तो मूळ भाषणात वाचून जा. लंडनमध्ये दोन वास्तू पाहा : हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू येथील जुने इंडिया हाऊस आणि १०, किंग हेन्रीज रोड येथील डॉ. आंबेडकरांचे निवासस्थान. दुसरी वास्तू महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतली. याच डॉ. आंबेडकरांचे लंडनहून निराळ्या बोटीने पाठवलेले ग्रंथांचे सामान १९१७ मध्ये जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रार्पण झाले. अभ्यासही अर्धवट राहिला होता. ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवूनच थांबले. सामान बुडते, संकल्प बुडत नाही.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत जड गोष्ट म्हणजे घराशी सत्य बोलण्याचे धैर्य. येथे अनेक पालकांनी कर्जासाठी राहते घर तारण ठेवले असेल. शिकत असताना उरलेल्या वेळात काम करून शुल्क फिटेल, असे काही दलाल सांगतात. त्यांतील अनेकांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली मिळत असते, हे विसरू नका. सत्र चालू असताना पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासांहून अधिक काम करता येत नाही. त्यातून फार तर जेवणखाणाचा काही भार हलका होतो. पदवीनंतर तेथे राहण्याची मुदतही घटते आहे. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दोन वर्षांऐवजी अठरा महिनेच मिळणार आहेत. म्हणून निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसा आणि एका कागदावर हिशेब मांडा. कर्ज किती, हप्ता कधीपासून, तेथे नोकरी मिळाली नाही तर येथे परतून तो कसा फेडायचा. हा कागद मुलापासून लपवू नका. ज्याला ओझे ठाऊक असते, तोच ते उचलतो.

आणि पालकहो, मुलांकडून सत्याची अपेक्षा करायची, तर ते ऐकण्याची तयारीही आपलीच हवी. एखाद्या विषयात अपयश आले, पैसे संपले, मन रमले नाही, तर पहिला दूरध्वनी घरीच यावा, अशी मोकळीक द्या. शेजारी काय म्हणतील या धास्तीने कित्येक मुले महिनोन्‌महिने ‘सगळे छान आहे’ असे सांगत राहतात. तो अभिनय त्यांना आतून पोखरतो. निरोपाच्या वेळी ‘नाव काढ’ हे सांगाच. पण ‘काहीही झाले तरी हे घर तुझेच आहे’ हेही स्पष्ट शब्दांत सांगा. मुलांना ते ठाऊक असेल, असे गृहीत धरू नका.

शेवटी परतण्याविषयी. तुम्ही लगेच परत यावे की काही वर्षांनी, हे मी सांगणार नाही. तो निर्णय परिस्थिती पाहून तुम्हीच घ्याल. पण तुमच्या शिक्षणात आईवडिलांच्या कष्टांबरोबर या समाजाचाही वाटा आहे. ते ऋण कोठेही राहून फेडता येते, फक्त त्याचे विस्मरण होता कामा नये. बॅग रिकामी झाल्यावरही जी उरते, ती शिदोरी घेऊन जा. विद्या संपादन करा, प्रकृती सांभाळा, यशस्वी व्हा. तुमचा प्रवास सुखाचा होवो.