पॅच होता, परवानगी नव्हती



अधिवेशनाच्या अध्यक्षाने सुरुवातीला आपण या पदाला किती अपात्र आहोत हे सांगायचं असतं. माझा परिचय करून देणाऱ्यांनी ते काम बरंचसं उरकलं आहे, म्हणून मी थेट विषयाला हात घालतो.

या सभागृहातले बहुतेक जण पतसंस्था, सहकारी बँका, साखर कारखाने, नगरपालिका नाहीतर रुग्णालयांतले संगणक सांभाळतात. हुद्दा काहीही असो, ऑफिसात आपली ओळख ‘सिस्टीमवाला’ एवढीच. प्रिंटर अडला की आपली आठवण होते आणि ‘रीस्टार्ट करावं लागेल’ म्हटलं की आपण नकोसे होतो. माझं म्हणणं असं की, आपल्याकडचे संगणक पॅच मिळत नाही म्हणून क्वचितच उघडे राहतात. ते तासभर बंद ठेवायला कुणी ‘हो’ म्हणत नाही, म्हणून उघडे राहतात. तांत्रिक म्हणून आपल्या गळ्यात बांधलेला हा प्रश्न मुळात अधिकाराचा आहे.

2017 सालची उजळणी करू. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दिला. त्याच भोकातून आत शिरण्याचं, अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीकडचं हत्यार 14 एप्रिलला चव्हाट्यावर आलं. 12 मेला, शुक्रवारी, ते वापरणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस सुटला. म्हणजे जगाच्या हातात जवळजवळ दोन महिने होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, आरोग्यसेवा चालवणाऱ्या 236 पैकी निदान 80 ट्रस्टांचं काम विस्कटलं. हजारो रुग्णांच्या अपॉइंटमेंट रद्द झाल्या. पाच भागांतल्या रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी लांबचं रुग्णालय गाठावं लागलं.

तेव्हा सगळ्यांनी जुन्या विंडोज एक्सपीच्या नावाने खडे फोडले. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुतेकांवर विंडोज 7 होती. तिच्यासाठी पॅच आलेला होता, कुणी लावला नव्हता. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा या प्रकरणावरचा अहवाल आपल्या संचालक मंडळांना सक्तीने वाचायला लावावा, असा आहे. एनएचएस डिजिटल या संस्थेने 17 मार्चला आणि पुन्हा 28 एप्रिलला इशारे धाडले होते. हल्ल्याआधी 88 ट्रस्टांची जागेवर जाऊन तपासणीही केली होती, त्यात एकही उत्तीर्ण झाला नव्हता. पण नापास ठरवण्यापलीकडे तिच्या हातात काही नव्हतं. ट्रस्टांना दुरुस्ती करायला भाग पाडण्याचा अधिकारच तिला नव्हता. आपल्यापैकी किती जणांची अवस्था हुबेहूब हीच आहे, हे विचारायला मला हात वर करून घ्यायची गरज नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीतून सुमारे 14.7 कोटी लोकांची माहिती गेली. तिथे वापरात असलेल्या अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरचा पॅच 7 मार्चला आला होता आणि 9 मार्चला तो लावण्याचा ईमेल कंपनीत 400 हून अधिक लोकांना गेला होता. चोर आत शिरले ते मेमध्ये. पुढे कंपनीच्या माजी प्रमुखाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं की, एका कर्मचाऱ्याने निरोप पुढे दिला नाही. मला ही साक्ष संतापजनक वाटते. इतक्या लोकांची माहिती एका माणसाच्या निरोपावर टांगलेली होती, तर ती तशी टांगली कुणी?

आता घराजवळ येऊ. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या केबिनमधला संगणक मी जवळून पाहिला आहे. कारखान्याचं नाव विचारू नका, प्रत्येकाला आपलाच वाटेल. विंडोज 7, काट्याच्या इंडिकेटरमधून आलेली सिरीयल केबल, कीबोर्डवर धुळीचा थर, आणि मॉनिटरवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं: ‘बंद करू नये’. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती, पुढची ट्रॉली. शेतकऱ्याचं उसाचं बिल त्या आकड्यावर निघतं. काट्याचा प्रोग्राम लिहून देणारा म्हणतो, विंडोज बदललीत तर जबाबदारी तुमची. विंडोज 7 चे नेहमीचे पॅच जानेवारी 2020 मध्येच थांबले. आणि हा संगणक अकाउंट्सच्या सर्व्हरच्याच नेटवर्कला जोडलेला.

गळीत हंगामात काटा थांबवता येत नाही, हे मला मान्य आहे. पण हंगाम संपल्यावर? मिलचे रोलर उतरवतात, बॉयलरच्या नळ्या तपासतात, ओव्हरहॉलिंगचं अंदाजपत्रक संचालक मंडळापुढे मांडलं जातं. काट्याचा संगणक त्या यादीत कधीच नसतो. सॉफ्टवेअर झिजत नाही, अशी समजूत. झिजत नाही हे खरंच, पण बाहेरच्यांना त्याची माहिती वाढत जाते. पॅच प्रसिद्ध झाला की जुनी आणि नवी फाइल शेजारी-शेजारी ठेवून भोक नेमकं कुठे होतं ते शोधणारे लोक लगेच कामाला लागतात. म्हणजे पॅच आल्यानंतरचे दिवस आधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचे. जे यंत्र खरोखरच बदलता येत नाही, ते निदान वेगळ्या नेटवर्कवर टाका आणि त्याचं इंटरनेट काढून घ्या.

अपडेटनेच यंत्रं बंद पडतील, ही साहेबांची भीती अगदीच खोटी नसते. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं आडवी केली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतीलच. तेव्हापासून ‘थांबा, आधी दुसऱ्यांचं काय होतंय ते बघू’ या वाक्याला नवी धार आली आहे. त्यावर उपाय एकच: अपडेट आधी आपल्याच चार-पाच यंत्रांवर लावायची, दोन दिवस ती रोजच्या कामाला जुंपायची, मग बाकीची. दुसऱ्यांचं बघत बसणं ही चाचणी नव्हे.

पॅच लावला की निर्धास्त, असंही नाही. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस सुटला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. आत गेल्यावर तो पासवर्ड चोरून पॅच लावलेल्या यंत्रांवरही चढला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीमार्फत आपल्या न्हावाशेव्याला, जेएनपीटीतल्या एका कंटेनर टर्मिनललाही बसला. कंटेनरांचं काम हाताने करायची पाळी तिथे आली.

वरून तारीख घालून आदेश आला की काय होतं, तेही पाहा. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला संपला. तरी आपली कितीतरी एटीएम पुढची काही वर्षं त्यावरच चालू होती. जून 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढलं: सप्टेंबरपर्यंत चौथा हिस्सा एटीएम बदला, डिसेंबरपर्यंत निम्मी, मार्चपर्यंत पाऊण आणि जून 2019 पर्यंत सगळी. बँकांतल्या आपल्या भाऊबंदांनी यापूर्वी लिहिलेल्या टिपणांत नवीन काहीच नव्हतं. फरक होता तो सहीचा.

म्हणून उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी एक ठराव मांडणार आहे. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. कॅलेंडर काढून बघा, या दोहोंत नेहमी 11 नाहीतर 18 दिवसांचं अंतर पडतं. चाचणीला तेवढे पुरेत. तो शनिवार संस्थेने लेखी पॅचसाठी राखून ठेवावा. ज्या भोकांवर हल्ले सुरू झाले आहेत, त्यांना शनिवारची वाट पाहायला लावू नये. अमेरिकेची सीसा ही संस्था अशा भोकांची यादी नोव्हेंबर 2021 पासून उघडपणे ठेवते, ती रोज सकाळी चहाच्या आधी पाहावी.

ठरावाचा दुसरा भाग काहींना खटकेल. सिस्टीमवाल्याने वेळ मागितली आणि ती नाकारली गेली, तर नाकारणाऱ्याने रजिस्टरमध्ये तारीख, कारण आणि आपलं नाव लिहून सही करावी, आणि ते रजिस्टर दर तिमाहीला लेखापरीक्षकापुढे ठेवावं. ‘ऐन मार्चअखेर आहे’ हे कारण चालेल, पण तेही लिहूनच. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर आज संध्याकाळी सहापर्यंत लेखी द्या.