किरणोपचारानंतरचा थकवा आणि थायरॉइड ग्रंथी

शहापूर तालुक्यातील कर्करुग्ण आसनगावला लोकल पकडतो, मुरबाडचा रुग्ण एस.टी.ने कल्याण गाठतो आणि पुष्कळदा दोघांचीही गाठ परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पडते. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तोंड, घसा किंवा स्वरयंत्र यांच्या कर्करोगासाठी मानेवर किरणोपचार घ्यावयाचे म्हणजे साधारणतः सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस हजेरी. कोणी नातेवाइकांच्या खोलीत, कोणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत हे दिवस काढतो. उपचार संपवून रुग्ण घरी परतला की गावाच्या दृष्टीने दुखणे संपलेले असते.

वर्ष-दीड वर्षाने मात्र निराळीच तक्रार सुरू होते. चिखलणीला उतरणारा माणूस बांधावर बसून राहतो. वैशाखातही त्याला घोंगडी लागते. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, कातडी कोरडी पडते, शौचास साफ होत नाही, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा येते. रोग उलटला, असे घरच्यांना वाटते. शेजारी म्हणतात, 'लाइट' घेतल्याने अंगातली ताकदच गेली. रोग उलटला आहे काय, हे रुग्णालयात तपासून घ्यावेच. परंतु या थकव्यामागे दुसरे कारणही असू शकते आणि त्यावर साधा उपाय आहे.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी असते. शरीराच्या सर्व व्यापारांची गती तिच्या स्रावावर अवलंबून असते. मानेवर किरण पडतात तेव्हा या ग्रंथीच्या पेशींना आणि तिच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांनाही इजा पोहोचते व स्राव हळूहळू घटत जातो. मानेवर किरण घेतलेल्या शंभर रुग्णांपैकी ढोबळमानाने वीस ते पन्नास जणांत असे घडते. पहिल्या दोन-तीन वर्षांत हे प्रमाण अधिक असते, तथापि अनेक वर्षांनंतरही ते घडू शकते. शस्त्रक्रियेत ग्रंथीचा काही भाग काढावा लागला असेल तर शक्यता आणखी वाढते.

लक्षणांवर विसंबून राहणे येथे धोक्याचे आहे. आवाज किरणांमुळे आधीच बसलेला असतो. वजन वाढणे हे या विकाराचे नेहमीचे चिन्ह. पण ज्याला घास गिळणेच अवघड, त्याचे वजन वाढणार कसे? म्हणून रक्ततपासणी हाच खरा आधार. मजूर मंदावले की मुकादमाच्या हाका वाढतात, त्याप्रमाणे थायरॉइड मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएच नावाचे संप्रेरक अधिक सोडू लागते. बहुधा लक्षणे उमटण्यापूर्वीच रक्तातील टीएसएच वाढलेले आढळते. मानेवर किरण घेतलेल्या प्रत्येकाने दर सहा ते बारा महिन्यांनी ही तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे.

उपाय म्हणजे लेव्होथायरॉक्सिनची रोजची एक गोळी. ती पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यावयाची. चहा त्यानंतर अर्ध्या ते एका तासाने. आपल्याकडे चहाशिवाय दिवस उजाडत नाही, त्यामुळे नेमकी हीच गोष्ट चुकते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असल्यास त्यांत चार तासांचे अंतर राखावे. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी पाण्यात कुस्करून देता येते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची. वृद्ध व हृदयरोगी रुग्णांत ती थोडक्याने सुरू करतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून जुळवतात. बरे वाटू लागले म्हणून गोळी बंद करणे हा सर्वांत मोठा घोटाळा; ती बहुतेकांना आयुष्यभर घ्यावी लागते.

आयोडीनयुक्त मिठाविषयी एक गैरसमज दिसतो. ते मीठ गलगंड टाळण्यासाठी उपयुक्त खरे, परंतु किरणांनी दुखावलेली ग्रंथी त्याने पूर्ववत होत नाही.

गावातील आशा कार्यकर्तीच्या वहीत अशा रुग्णाच्या नावापुढे दोन नोंदी असाव्यात: शेवटचे किरण कधी घेतले आणि टीएसएच शेवटचे कधी तपासले. पंचायत सदस्याने आजारी माणसाची विचारपूस करताना किंवा शिक्षकाने पालकांशी बोलताना एवढे विचारले तरी पुरे. दुसरी नोंद कोरी असेल, तर परळच्या फेरतपासणीची तारीख येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. उपचाराचे कागद घेऊन तालुक्याच्या शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना भेटावे आणि मानेवर किरण घेतल्याचे आपण होऊन सांगावे.